एका मिनिटाच्या चित्राची कुळकथा

चित्रशाळेतील ज्या वर्गात मानवदेहाचे शीघ्ररेखाटन शिकवले जाते, त्या वर्गात प्रथमच जाणाऱ्या मनुष्यास तेथील व्यवहार काहीसा वेडगळपणाचा वाटण्याचा संभव आहे. कारण चौथऱ्यावरील मॉडेल एखादी पोझ घेतो न घेतो तोच वेळ संपल्याचा इशारा होतो, तो पोझ बदलतो, आणि भोवती अर्धवर्तुळात बसलेले विद्यार्थी, आपले चित्र मुळीच पुरे झालेले नसताना, मुकाट्याने दुसरा कागद पुढे ओढतात. अर्ध्या तासात अशी वीसपंचवीस चित्रे होतात व त्यांतील एकातही नाक, डोळे अथवा बोटे सापडत नाहीत; असतो तो केवळ रेषांचा गुंता, ज्यात मान कुठे कलली, कंबर कुठे वळली आणि देहाचा भार कोणत्या पायावर आला एवढाच तपशील नोंदलेला असतो. जेश्चर ड्रॉइंग या नावाने देशोदेशींच्या कलाशाळांत रूढ झालेल्या या शिरस्त्याचे जनकत्व सामान्यतः किमॉन निकोलाइडीस या अमेरिकन शिक्षकाकडे दिले जाते, व त्यात फारसा अन्यायही नाही. परंतु या पद्धतीच्या कुळाचा शोध घेऊ लागले म्हणजे असे दिसून येते की, हा इतिहास चित्रकाराच्या हाताच्या वेगापेक्षा, मॉडेलने कसे आणि किती वेळ उभे राहावे हे ठरवण्याच्या अधिकाराचाच अधिक आहे.

झटपट रेखाटन ही काही नवी गोष्ट नव्हे. जवळ लहानशी वही बाळगावी आणि रस्त्याने जाता येता बोलणारी, भांडणारी, हसणारी माणसे कशी उभी राहतात व कसे हातवारे करतात ते थोडक्या रेषांत टिपून ठेवावे, असा उपदेश लिओनार्दोने चित्रकारांना केलेला आहे. पुढे 1582च्या सुमारास बोलोन्या शहरात कारात्ची घराण्यातील तिघा चित्रकारांनी आपली चित्रशाळा काढली, तेव्हा तेथे जिवंत मनुष्य समोर ठेवून रेखाटन करण्यावर मोठाच भर होता. त्यांच्यापैकी आन्निबाले याने बोलोन्याच्या रस्त्यांवरील फेरीवाल्यांची व कारागिरांची जी चित्रे काढली, ती त्याच्या मृत्यूनंतर, 1646 साली, कोरीव ठशांच्या रूपाने प्रसिद्ध झाली. ओझ्याने वाकलेली पाठ आणि तोल सांभाळण्यासाठी पुढे टाकलेले पाऊल यांचे मर्म या मंडळींना पुरते अवगत होते. तथापि शीघ्ररेखाटन हे त्या काळी चित्रकाराच्या खाजगी टिपणवहीत राहणारे साधन होते. ते शिक्षणक्रमात यावे, त्याला वेळापत्रकात जागा मिळावी, हा विचार कोणाच्याही मनात आलेला दिसत नाही.

शिक्षणक्रमात आले ते नेमके याच्या उलट. 1648 साली पॅरिसमध्ये राजाश्रयाने चित्रकलेची अकादमी स्थापन झाली आणि जिवंत मॉडेलवरून रेखाटन शिकवण्याचा मक्ताच काही वर्षांत राजाच्या सनदेने तिच्याकडे आला. तिच्या दप्तरी बारा प्राध्यापक असत व ते महिन्याच्या पाळीने काम पाहत; ज्याची पाळी असेल त्याचा मुख्य अधिकार म्हणजे मॉडेलला उभे करणे. पाय कोठे ठेवावा, दंड किती उचलावा, मान कोणीकडे वळवावी हे प्राध्यापक ठरवीत आणि एकदा ते ठरले म्हणजे मॉडेलने हालचाल करावयाची नाही. या अकादमीच्या वारशावर उभ्या राहिलेल्या एकोल द बोझार या कलाशाळेतही एकच पोझ रोज दोन तास याप्रमाणे आठवडाभर चालण्याची वहिवाट होती. आता उगारलेला हात दोन तास उगारलेलाच ठेवणे कोणाही देहधारी मनुष्यास शक्य नाही. म्हणून वरून दोर टांगलेला असे व तो मॉडेलने हातात धरावयाचा, किंवा टेकायला काठी द्यावयाची, पायाखाली खोके सरकवायचे. जुन्या संग्रहांत अशा चित्रांची रास आढळते, आणि त्यांतील पुष्कळशा वीरपुरुषांच्या मुठीत हा दोर किंवा काठी स्पष्ट दिसते; चित्रकाराने पुढे तिचा भाला करावा किंवा राजदंड करावा, ही त्याची मर्जी. या चित्रांची टवाळी करणे सोपे आहे, पण ते मला प्रशस्त वाटत नाही. निळ्या कागदावर काळ्या व पांढऱ्या खडूने प्र्युदाँ या चित्रकाराने काढलेली नग्नचित्रे ज्याने पाहिली असतील, तो या शिस्तीला नावे ठेवताना दोनदा विचार करील. मात्र एवढे खरे की, दोराला लोंबकळणारा हात आणि प्रहार करणारा हात यांत जे अंतर आहे, ते कितीही छायाप्रकाश घातला तरी भरून निघत नाही. स्नायू सर्व जागच्या जागी असतात आणि तरीही ते काम करीत नसतात.

या अंमलाबाहेर राहून ज्यांनी आपला मार्ग शोधला, त्यांत लंडनचा चित्रकार होगार्थ हा मोठा मासलेवाईक गृहस्थ होता. सेंट मार्टिन्स लेनमधील ज्या चित्रशाळेची त्याने 1735 साली उभारणी केली, तेथे मॉडेल असे. परंतु स्वतः होगार्थचा भरवसा समोर पाहून नक्कल करण्यापेक्षा, पाहिलेली आकृती थोड्या खुणांनी मनात साठवण्यावर होता. तीन रेषांत चित्र काढण्याची त्याची एक गंमत सांगतात. एक उभी रेषा म्हणजे मद्यगृहाच्या दाराची कड, तिला छेदून बाहेर आलेली तिरपी रेषा म्हणजे खांद्यावर भाला घेऊन आत शिरलेला शिपाई, आणि खाली एक लहानसा बाक म्हणजे त्याच्या मागोमाग आत गेलेल्या कुत्र्याचे शेपूट. विनोदाचा भाग सोडला तरी वस्तूचे रूप वगळून तिची क्रिया तेवढी नोंदण्याचे हे तत्त्व, पुढे निकोलाइडीसच्या हाती ज्याचा अभ्यासक्रम झाला, त्याहून फारसे निराळे नाही. फ्रान्समध्ये पुढे चित्रकार देलाक्रवाच्या नावावर अशी उक्ती चालत आली की, चौथ्या मजल्यावरून पडणारा मनुष्य जमिनीवर येऊन आदळण्यापूर्वी ज्याला रेखाटता येत नाही, त्याने भव्य चित्रांच्या वाटेस जाऊ नये. उक्ती निर्दय आहे. परंतु तिच्यातील मॉडेलला निदान पोझ धरून ठेवण्याचा जाच नाही.

अकादमीच्या शिरस्त्याला शिक्षणाच्या क्षेत्रातच पहिला धक्का दिला तो ओरास लकॉक द ब्वाबोद्राँ या पॅरिसच्या शिक्षकाने. चित्रात्मक स्मृती वाढवण्याविषयीचा त्याचा प्रबंध 1848 सालचा. विद्यार्थ्यांना घेऊन तो तळे व झाडी असलेल्या मोकळ्या जागी जाई आणि मॉडेलना मनास येईल तसे चालू, बसू, धावू देई. विद्यार्थ्यांनी ते पाहावयाचे, आणि मागाहून आठवणीने रेखाटावयाचे. ज्या शाळेत तो शिकवीत असे, त्याच शाळेत शिल्पकार रोदाँ शिकला. या रोदाँकडे पिन्यातेल्ली नावाचा आब्रुत्सी प्रांतातील एक इटालियन शेतकरी काम मागण्यास आला. मॉडेलचे काम त्याने पूर्वी कधी केलेले नव्हते, त्यामुळे एका पायावर भार देऊन कंबर डौलाने कशी मुरडावी, हे धंदेवाईक मॉडेलांच्या अंगवळणी पडलेले ज्ञान त्याला मुळीच नव्हते. चौथऱ्यावर चढून तो दोन्ही पाय फाकवून, दोन्ही पावले जमिनीत रोवून, सरळ उभा राहिला. रोदाँने त्याला सुधारले नाही. हा तर चालणारा माणूस, असे म्हणून त्याने तीच ठेवण कायम केली आणि तिच्यातून 1878 सालचा त्याचा सेंट जॉनचा पुतळा निर्माण झाला. पुढे उतारवयात तर रोदाँने मॉडेलना स्टुडिओत मोकळे सोडून, त्यांच्यावरची नजर न काढता आणि कागदाकडे न पाहता, शेकडो रेखाटने केली. 1906 साली कंबोडियाच्या राजाबरोबर आलेल्या नर्तकींना पॅरिसमध्ये पाहून तो इतका वेडावला की, त्यांच्या पाठोपाठ मार्सेयपर्यंत गेला व दीडशेच्या आसपास चित्रे घेऊन परतला.

दरम्यान पॅरिसमधील खाजगी चित्रशाळांत, विशेषतः 1904 साली निघालेल्या ग्रांद शोमियेरमध्ये, क्रोकीचे वर्ग सुरू झाले होते: दारात अल्पशी फी द्यावी, आत जाऊन बसावे, काही मिनिटांच्या पोझ रेखाटाव्यात. शिक्षक असलाच पाहिजे असे नाही. 1929 साली अमृता शेरगिल पॅरिसला गेली तेव्हा तिने प्रथम नाव घातले ते याच शाळेत.

निकोलाइडीस याचा जन्म 1891चा, वॉशिंग्टनचा. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये त्याने सैन्याच्या कॅमोफ्लाज विभागात, म्हणजे तोफा, रस्ते व माणसे शत्रूच्या दृष्टीस पडू नयेत अशी रंगसजावट करणाऱ्या पथकात, काम केले, आणि पुढे न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये सुमारे पंधरा वर्षे शिकवले. ही लीग 1875 साली विद्यार्थ्यांनीच स्थापलेली. तेथे परीक्षा नाही, पदवी नाही, विद्यार्थ्याने आपला शिक्षक आपण निवडावा आणि महिन्याची फी भरावी. अशा जागी नवा प्रयोग करण्यास कोणाची मंजुरी घ्यावी लागत नसे, हे या पद्धतीच्या जन्मस्थानाविषयी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. 1938 साली तो वारला आणि त्याच्या टिपणांवरून त्याच्या शिष्येने सिद्ध केलेले पुस्तक 1941 साली प्रसिद्ध झाले. त्यात पंधरा पंधरा तासांची पंचवीस प्रकरणे आहेत, म्हणजे हे वाचावयाचे पुस्तक नसून पावणेचारशे तासांचा जमाखर्च आहे. पहिल्याच प्रकरणात दोन परस्परविरुद्ध अभ्यास जोडीने सांगितले आहेत: एक बाह्यरेषेचा, ज्यात नजर कागदावर न टाकता, पेन्सिलीचे टोक जणू मॉडेलच्या त्वचेवरच फिरत आहे अशा समजुतीने, गोगलगाईच्या गतीने पुढे सरकावयाचे, आणि दुसरा जेश्चरचा, ज्यात मिनिटाच्या आत, पेन्सिल न उचलता, डोक्यापासून पायापर्यंत भिरभिरत जावयाचे आणि मॉडेल कसा दिसतो हे न काढता तो काय करीत आहे तेवढे काढावयाचे. ती क्रिया आपल्याही स्नायूंत जाणवली पाहिजे, अशी त्याची अट आहे. ज्याला मॉडेलच्या वळलेल्या कमरेचा ताण स्वतःच्या कमरेत कळत नाही, त्याची रेषा वळेल, कंबर वळणार नाही.

शरीरशास्त्र त्याने टाकून दिले नाही. ते मागाहून ठेवले. माझ्या मते त्याची खरी कामगिरी हीच आहे. शीघ्ररेखाटन पूर्वी ज्याला सर्व काही येते त्याने करावयाची गोष्ट होती. ती ज्याला काहीच येत नाही त्याने पहिल्या दिवशी करावयाची गोष्ट ठरली. साहजिकच तिचा प्रसार जलद झाला. दुसरीकडे कॅलिफोर्नियात डॉन ग्रॅहॅम हा शिक्षक 1932 पासून डिस्नेच्या चित्रकारांचे वर्ग घेतच होता. तेथे हालचाल हाच पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे कृतीच्या रेखाटनाची महती कोणाला पटवून द्यावी लागली नाही.

आपल्याकडे विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात नृत्याच्या ज्ञानावाचून चित्रविद्या कळणे कठीण असे बजावले आहे, देहाच्या नऊ ठेवणी वर्णिल्या आहेत, आणि निजलेला मनुष्य व मृत मनुष्य यांतील भेद ज्याला दाखवता येतो त्याची थोरवी सांगितली आहे. तेवढ्यावरून न्यूयॉर्कच्या वर्गाचे मूळ अजिंठ्यात शोधण्याचा मोह काहींना होतो, तो आवरलेला बरा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये 1857 पासून प्लॅस्टरचे पुतळे समोर ठेवून रेखाटन शिकवण्याचा युरोपीय शिरस्ताच चालत आला, आणि नग्न मॉडेलचा रीतसर लाइफ क्लास कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत, 1919च्या सुमारास, सुरू झाला. तथापि चित्रकार रावबहादुर धुरंधर यांनी एडवर्ड्स यांच्या मुंबईवरील 1912च्या पुस्तकासाठी काढलेली गल्लीबोळांतील माणसे पाहिली म्हणजे पोझ न देणाऱ्या मॉडेलचे महत्त्व त्यांनी अगोदरच ओळखले होते, यात शंका राहत नाही. जे. जे.चे विद्यार्थी आजही स्केचबुक घेऊन क्रॉफर्ड मार्केटात आणि बोरीबंदर स्टेशनावर जाऊन बसतात. हमालाच्या डोक्यावर ट्रंक चढते तेव्हा मान प्रथम ताठ होते, मग छाती पुढे येते, एक हात वर ट्रंकेला लागतो आणि दुसरा लांब सुटून तोल सांभाळू लागतो. हे सगळे त्याने चार पावले टाकण्यापूर्वी घ्यावयाचे असते, कारण मुदत प्राध्यापकाच्या नव्हे, गाडीच्या हाती असते. याउलट आमच्या चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेच्या स्मरणचित्रात बसची वाट पाहणारी माणसे पाहावी: सगळी कवायतीला उभी केल्यासारखी, कारण मुलांनी माणसे पाहिलेली नसतात, मास्तरांनी फळ्यावर काढलेली माणसे पाठ केलेली असतात.

या कुळकथेत एक बाजू मात्र कायमची नोंदायची राहिली आहे. पोझ ठरवण्याचा जो अधिकार अकादमीत बारा प्राध्यापकांकडे होता, तो मिनिटाच्या वर्गात आपोआपच मॉडेलकडे गेला. दर मिनिटाला येऊन हातपाय रचून देण्याइतका वेळ कोणत्याही शिक्षकापाशी नसतो, आणि सबंध तासभर दर मिनिटाला काहीतरी नवे, तोल जाईल की काय अशा बेताचे आणि तरीही धरून ठेवता येण्याजोगे सुचणे, हे अर्धे चित्र काढण्यासारखेच आहे. पिन्यातेल्लीचे नाव रोदाँमुळे राहिले. बाकीच्यांची राहिली नाहीत. तेव्हा अशा वर्गाला जाणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती आहे की, कागदाच्या कोपऱ्यात आपली सही व तारीख घालाल तेव्हा, मॉडेलची हरकत नसल्यास, त्याचे किंवा तिचे नावही तेथेच लिहावे.