मुंबईच्या नागरी सेवांचे नियंत्रण
पाणीपुरवठा, मलनिःसारण व रस्त्यांवरील दिवाबत्ती या सेवांची उभारणी, देखभाल व खर्च यांवर देखरेख करणारी व्यवस्था. मुंबई बेटाची गरज पूर्वी विहिरी व तलाव भागवीत. १८५४ च्या टंचाईनंतर विहार तलावाची योजना आखण्यात आली व १८६० मध्ये शहरास नळाचे पाणी मिळू लागले. तथापि वापरलेले पाणी वाहून नेणारी गटारे अपुरी असल्याने सांडपाण्याचा प्रश्न अधिकच बिकट झाला.

१८६५ च्या अधिनियमाने कार्यकारी सत्ता आयुक्ताकडे सोपविली. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी स्वच्छतेची कामे धडाडीने केली. याच सुमारास रस्त्यांवर गॅसचे दिवे आले. मात्र खर्चावर पुरेसा अंकुश नसल्याने १८७१ मध्ये करदात्यांनी चळवळ केली. परिणामी १८७२ च्या अधिनियमान्वये ६४ सभासदांची महानगरपालिका अस्तित्वात आली. त्यांपैकी ३२ सभासद करदाते निवडीत. धोरण व अर्थसंकल्प सभागृहाकडे आणि अंमलबजावणी आयुक्ताकडे, ही विभागणी १८८८ च्या अधिनियमाने दृढ झाली. तिच्या आधारे तानसा (१८९२) व वैतरणा (१९५७) या योजना पूर्ण झाल्या. वैतरणेवरील जलाशयास नगर अभियंता ना. वि. मोडक यांचे नाव देण्यात आले. वीजपुरवठा व वाहतूक करणारी खाजगी कंपनी महानगरपालिकेने १९४७ मध्ये ताब्यात घेतली.

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली व निवडणूक लांबल्याने दोन्ही अधिकार प्रशासक या नात्याने आयुक्ताकडे गेले. नळ, गटार व दिवा यांवरील खर्चाचा जाब कोणी विचारावयाचा, हा १८७१ मधील प्रश्न त्यामुळे नव्याने उपस्थित झाला.