खराट्याचा नेम

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला. पांढुर्णा आणि सौसर मात्र मध्यप्रदेशात राहिले. सीमा पडली, तरी घरची भाषा मराठीच राहिली. त्याच वर्षी, २० डिसेंबरला, विदर्भाचे गाडगेबाबा अमरावतीजवळ निवर्तले. गावात येताच खराटा घेऊन दिवसा रस्ते झाडावेत आणि रात्री कीर्तन करावे, असा त्यांचा नेम होता. उकिरड्याची घाण पाण्यात उतरली की पटकी घरात शिरते. म्हणून गाव झाडणारा आपलेही आरोग्य राखतो, शिवाय त्याच्या अंगाला व्यायाम घडतो. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आले. सीमा पुन्हा बदलल्या. पण जांब नदीचा काठ स्वच्छ राखायचा, तर खराटा आजही रोजच हाती घ्यावा लागतो.