सुवर्णवचनाच्या आधीचं पाठांतर

संडे स्कूलमधलं सुवर्णवचन ही आपली फार जुनी चाल, असं आमच्या नगरकडच्या मंडळ्यांमध्ये समजतात. ती तेवढी जुनी नाही. मी स्वतः संडे स्कूलचा वर्ग घेते, म्हणून हे बोलायला मला कुणी अडवू नये. 1872 साली अमेरिकेत इंडियानापोलिसला भरलेल्या अधिवेशनात ठरलं की, सगळ्या संडे स्कूलांनी एका रविवारी एकच पाठ घ्यायचा. त्या पाठाबरोबर एक निवडक वचन छापून येऊ लागलं, तेच सुवर्णवचन. 1876 मध्ये भारताचं संडे स्कूल युनियन स्थापन झालं आणि ही पद्धत आपल्याकडे रुजली.

वचन सुटं काढून पाठ करायचं तर आधी त्याला आकडा हवा. शास्त्राचे अध्याय तेराव्या शतकात पडले. नव्या कराराच्या वचनांना आजचे आकडे दिले ते रॉबेर एस्तिएन नावाच्या छापखानेवाल्यानं, 1551 मध्ये. मग त्याआधीचे लोक पाठ करत नव्हते का? करत होते, आणि आपल्याला लाज वाटावी इतकं. चौथ्या शतकात इजिप्तमध्ये पखोमियसच्या मठात राहायला येणाऱ्याकडून स्तोत्रं आणि नवा करार तोंडपाठ करण्याची अपेक्षा असे. टोपल्या विणताना हात चालत तसे ओठही चालत. तिथे बक्षीस नव्हतं.

बक्षिसं आली ती शाळांबरोबर. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली मुलं ढिगानं वचनं घोकत आणि रंगीत तिकिटं जमवत. मार्क ट्वेननं ‘टॉम सॉयर’मध्ये त्याची छान जिरवली आहे. टॉम वचनांऐवजी पोरांशी सौदे करून तिकिटं गोळा करतो, सर्वांसमोर बायबल पटकावतो, आणि पहिले दोन शिष्य कोण असं विचारल्यावर दावीद आणि गल्याथ म्हणून मोकळा होतो. आमच्याकडे बक्षीस म्हणून स्टीलचे डबे देतात. गल्याथ मात्र दरवर्षी भेटतो.

आपल्या भूमीतली गोष्ट वेगळी आहे आणि ती मिशनऱ्यांच्या पाटीपेन्सिलीच्या आधी सुरू होते. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले. त्यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंत. रविवारी आणि सणासुदीला देवळात त्या वाचल्या जात. पुढे 1649 आणि 1654 मध्येही छपाई झाली, पण त्या छापील प्रतींपैकी एकही आज हाती नाही. ग्रंथ राहिला तो हस्तलिखितांत. ओवी ज्या देशात दळणावर बसते, तिथे शास्त्र ओवीत घातलं की ते कानात राहणार, हे या इंग्रज जेझुइटानं ओळखलं होतं.

नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये आलं ते पुस्तक घेऊन. प्रत्येकानं स्वतः वाचावं हा त्यांचा आग्रह होता आणि त्यातून शाळा उभ्या राहिल्या. पण खेड्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी बाप्तिस्म्यासाठी अक्षर येईपर्यंत थांबायचं की काय? प्रभूची प्रार्थना आणि दहा आज्ञा तोंडी शिकवाव्याच लागल्या. 1860च्या दशकात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, पुढे नारायण वामन टिळकांची पदं आली. शास्त्रातल्या कथा गावोगाव पोचल्या त्या टाळ-मृदंगावर.

या सगळ्यात मला पुन्हा पुन्हा पंडिता रमाबाईंकडे वळावंसं वाटतं. पुराणिकाची मुलगी, आईकडून संस्कृत शिकलेली. भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना लहानपणीच मुखोद्गत होते, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. देवळाच्या आवारात बसून पुराण मोठ्यानं वाचायचं, ऐकणाऱ्याला अर्थ कळो न कळो, हा त्यांच्या कुटुंबाचा उदरनिर्वाह होता. तो अर्थाविना पाठ त्यांना पुढे खुपला आणि त्यांनी तसं लिहूनही ठेवलं. पाठांतराची ताकद आणि त्यातला पोकळपणा, दोन्ही इतक्या जवळून पाहिलेलं माणूस दुसरं क्वचितच असेल.

1883 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दुष्काळात मिळालेल्या मुली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आल्या तेव्हा त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या. रमाबाईंनी त्यांच्या हाती आयतं पुस्तक दिलं नाही. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बाईला समजेल अशा मराठीत सबंध शास्त्राचं भाषांतर केलं. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बायका होत्या. भाषांतर संपवून 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या आणि ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला. मला विचाराल तर मराठी ख्रिस्ती पाठांतराच्या इतिहासातली सर्वांत मोठी कामगिरी हीच. आधी समजू द्या, मग पाठ करा.

माझी आजी एका बायबलबाईच्या, म्हणजे घरोघर जाऊन शास्त्र शिकवणाऱ्या बाईच्या, हाताखाली तयार झाली होती. तिला सही येत नव्हती. डोंगरावरचं प्रवचन, 23वं आणि 121वं स्तोत्र, करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय, हे ती चुलीपाशी सबंध म्हणायची. कुठलं वचन कितवं, ते तिला कधीच सांगता आलं नाही. स्पर्धेत ती पहिल्याच फेरीत बाद झाली असती. उलट माझ्या वर्गातली मुलं योहान 3:16 घडाघडा म्हणतात, पण ते बोलणं कोणाशी, कोणत्या वेळी चाललंय हे विचारलं की माझ्याकडे बघत राहतात. रात्री लपून आलेला निकदेम त्यांच्या वचनातून गळून गेलेला असतो. हा दोष मुलांचा नाही, सुटी वचनं वाटणाऱ्या आम्हा शिक्षकांचा आहे.

तेव्हा यंदाच्या पाठांतर स्पर्धेची यादी करणाऱ्या पाळकांना आणि भगिनी मंडळांना एवढीच विनंती: पन्नास ठिकाणची पन्नास वचनं देऊ नका. 121वं स्तोत्र द्या. आठच वचनं आहेत, आणि मुलांकडून ती म्हणवून घेण्याआधी एक रविवार त्याचा अर्थ सांगण्यात घालवा.