अमुक यांस, सप्रेम नमस्कार

पत्रलेखन ही एक कला आहे, असं आपल्याला शाळेत सांगतात. पुढं जन्मभर आपण जी पत्रं लिहितो त्यांत कला दोन आणे आणि कारकुनी चौदा आणे, हे मात्र कुणी सांगत नाही. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. (या पदाला उमेदवार मिळत नाही, बळी मिळतो.) माझ्या पत्रांचे विषय तीन : टाकी धुवायची आहे म्हणून पाणी बंद, लिफ्ट बिघडली म्हणून लिफ्ट बंद, आणि मेन्टेनन्स थकला. प्रत्यक्ष कालिदासाला या खुर्चीवर बसवलं, तरी ‘उद्या पाणी येणार नाही’ एवढ्या मजकुरात तो बिचारा मेघ कुठं घालणार?

म्हणून माझ्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड नावाचं जे टपाल सांभाळणारं प्रकरण आहे, त्यातल्या एका सोयीचा मी भक्त झालो आहे. पत्र एकदाच जीव लावून लिहायचं आणि धाडण्याऐवजी ‘टेम्प्लेट’ म्हणून ठेवून द्यायचं. लागेल तेव्हा त्यावर दोनदा टिचकी मारली, की त्याची कोरी नक्कल समोर हजर. नाव, तारीख, रक्कम बदला आणि पाठवा. मूळ प्रत आपली जागच्या जागी. घरात मोदकाचा साचा असतो ना, तसंच हे. पाकळ्या साच्याच्या, सारण आपलं.

पण आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना हे पसंत नाही. ते म्हणतात, “सेक्रेटरीसाहेब, पत्रात माणूस दिसला पाहिजे हो! तुमच्या पत्रात छापखाना दिसतो. पूर्वी लोक काळीज ओतून लिहायचे.”

‘पूर्वी’ हा शब्द कानावर पडला, की इतिहास चाळायची मला खोड आहे. चाळला. आणि पूर्वीचे लोक आपल्याइतकेच शहाणे, म्हणजे आळशी होते, हे पाहून जीव भांड्यात पडला.

चीनच्या वायव्य टोकाला, वाळवंटाच्या कडेला दुनहुआंग नावाचं गाव आहे. तिथल्या बौद्ध लेण्यांमधली कागदपत्रांनी ठासून भरलेली एक खोली अकराव्या शतकाच्या सुरुवातीला कुणीतरी बंद करून टाकली, ती १९०० साली उघडली. ऑरेल स्टाइन नावाच्या संशोधकानं १९०७ मध्ये त्यातल्या हजारो गुंडाळ्या लंडनला नेल्या. त्यांत इसवी सन ८५६ मध्ये उतरवलेली नमुनापत्रांची एक गुंडाळी निघाली. त्यातलं एक पत्र कशाचं असावं? आदल्या रात्री यजमानाकडं दारू जास्त होऊन अद्वातद्वा बोललेल्या पाहुण्यानं दुसऱ्या दिवशी धाडायच्या माफीचं! मी शुद्धीत नव्हतो, काय बोललो ते सकाळी लोकांकडून कळलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असा एकूण सूर. पाहुण्यानं फक्त नावं घालायची. डोकं ठणकत असताना माणसानं स्वतःच्या प्रतिभेवर भरवसा ठेवू नये, ही दूरदृष्टी नवव्या शतकातली! शिवाय नमुना करून ठेवण्याइतकी त्या पत्राला मागणी होती, हेही त्यावरून कळतं.

आपणही काही मागं नव्हतो. चौलुक्यांच्या काळच्या गुजरातेतल्या दस्तऐवजांचे आणि पत्रांचे नमुने असलेला ‘लेखपद्धति’ नावाचा संस्कृत संग्रह १९२५ साली बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये छापून निघाला. त्यात सरकारी दस्तऐवजांपासून घरगुती पत्रांपर्यंत सगळं तयार. आणि ज्या जागी माणसाचं नाव यायचं तिथं लिहिलंय ‘अमुक’. हा अमुक म्हणजे आपल्या संस्कृतीतला खरा चिरंजीव! शेकडो वर्षं लोटली, राज्यं गेली, हा आपला जागा अडवून उभा आहे. माझ्या टेम्प्लेटमध्येही नावाच्या जागी मी त्यालाच बसवलाय.

आणि आपले मराठी मायने? ‘तीर्थरूप’, ‘चिरंजीव’, ‘राजमान्य राजश्री’, ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंति विशेष’, ‘येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’. निम्मं पत्र तर रूढीनंच लिहून ठेवलेलं. मास्तरांच्या आजोबांनी काळीज ओतलं असेल, पण ओतलं ते या साच्यातच. बापाशी भांडून घराबाहेर पडलेला मुलगासुद्धा पत्राच्या माथ्यावर ‘तीर्थरूप’च लिही. लिहिताना दात-ओठ खाल्ले असतील. पण त्या एका शब्दानं परतीची वाट उघडी ठेवलेली असे.

छापखान्याचं म्हणाल, तर त्याचीही एक गंमत आहे. लंडनमध्ये सॅम्युअल रिचर्डसन नावाचा एक छापखानेवाला होता. दोघा पुस्तकविक्रेत्यांनी त्याला, ज्यांना पत्रं लिहिता येत नाहीत अशांसाठी नमुनापत्रांचं पुस्तक लिहायला सांगितलं. लिहिता लिहिता विषय आला परक्या घरी चाकरीला असलेल्या तरुण मुलीचा आणि तिच्या मालकाच्या वाईट नजरेचा. तिथं रिचर्डसनची लेखणी अशी अडकली, की नमुने राहिले बाजूला आणि १७४० मध्ये ‘पामेला’ नावाची पत्ररूप कादंबरी बाहेर आली. इंग्रजी कादंबरीच्या इतिहासात तिला मानाचं पान आहे. नमुनापत्रं मागाहून, १७४१ मध्ये निघाली. साच्यातून मोदक निघतात हे ठाऊक होतं. इथं कादंबरी निघाली!

ज्यांनी आपल्याकडच्या तारा पाहिल्या आहेत, त्यांना आणखी पुरावा नको. तारघरात शुभेच्छांच्या वाक्यांना क्रमांक दिलेले होते. आठ म्हणजे दीर्घ आणि सुखी संसारासाठी शुभेच्छा. सोळा म्हणजे वधूवरांवर स्वर्गातल्या आशीर्वादांची बरसात. तारेतून जायचा नुसता आकडा, पलीकडचा तारबाबू सबंध वाक्य उतरवून द्यायचा. कार्यालयात जेवणाच्या पंगतीआधी तारा वाचून दाखवत. आठ, सोळा, पुन्हा आठ! पण वधूपिता प्रत्येक तार नव्यानं ऐकल्यासारखी ऐकायचा. वाक्य तारखात्याचं आहे हे त्याला ठाऊक होतं. तो वाक्य ऐकतच नव्हता, खालचं नाव ऐकत होता. ही तार १५ जुलै २०१३ पासून बंद झाली.

पण या सगळ्यांत एक साचा असा आहे, की त्यापुढं थट्टा सुचत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना घरी पाठवायला एक छापील कार्ड देत. त्यावर वाक्यं तयार : मी ठणठणीत आहे, मला इस्पितळात दाखल केलं आहे, मला मागच्या तळावर पाठवत आहेत, तुमचं पत्र मिळालं, तुमचं बरेच दिवसांत पत्र नाही. नको ती वाक्यं खोडायची, खाली सही आणि तारीख. वर दम असा, की याखेरीज एक अक्षर जरी लिहिलं तर कार्ड नष्ट केलं जाईल. इतका निष्ठुर साचा दुसरा नसेल.

विल्फ्रेड ओवेन हा कवी त्या युद्धात होता. त्यानं आईशी आधीच संकेत ठरवून ठेवला होता : तळावर पाठवत असल्याचं वाक्य मी दोन रेघांनी खोडलं, तर समज, मी ऐन आघाडीवर आहे. पाहा, एक अक्षर वाढवायची मुभा नाही, तर या पोरानं रेघ वाढवली! अख्खं कार्ड सरकारचं. ती दुसरी रेघ तेवढी त्याची आणि आईची. ४ नोव्हेंबर १९१८ ला तो पडला. त्याची तार आईच्या हाती आली ती ११ नोव्हेंबरला, युद्ध थांबल्याच्या घंटा वाजत असताना. मला वाटतं, त्या तारेपेक्षा त्या माउलीनं ती कार्डंच जास्त वेळा वाचली असतील.

तेव्हा मास्तरांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. पत्रात माणूस दिसला पाहिजे, हे खरं. पण साचा माणसाला हाकलून देत नाही. माणूस आपणहून निघून जातो. गेल्या वर्षी माझ्या वाढदिवसाला एका कंपनीचं पत्र आलं : ‘प्रिय ग्राहकाचे नाव, आपण आमच्यासाठी खास आहात.’ इथं दोष साच्याचा नाही. ‘अमुक’ पुसून तिथं नाव घालायला कुणी जागेवरच नव्हतं.

थकबाकीची पत्रं मी दर तिमाहीला टेम्प्लेटवरूनच काढतो. वीस पत्रं पंधरा मिनिटांत होतात आणि उरलेला वेळ एकविसाव्याला मिळतो. त्या घरात कुणी इस्पितळात असतं, कुणाची नोकरी गेलेली असते. सगळी वीसच्या वीस हातानं लिहायला बसलो असतो, तर त्या घरापाशी पोहोचेपर्यंत माझ्या अंगातला माणूस दमून झोपला असता. आता मात्र नाव घालताना हात थांबतो आणि खाली एक ओळ वाढते : ‘घाई नाही. सवडीनं द्या. काही लागलं तर हाक मारा.’

या ओळीचंही एक टेम्प्लेट करून ठेवावं, असं मनात येऊन गेलं होतं. अजून केलेलं नाही. दर वेळी नव्यानं लिहितो, त्यामुळं दर वेळी शुद्धलेखनाची एखादी चूक राहते. मास्तर ती लाल पेन्सिलीनं दुरुस्त करतील, पण छापखाना दिसतो असं म्हणायची त्यांची टाप नाही.