बुळकांडी : एका रोगाची अनेक नावे

डोळ्यांतून स्राव, तोंडात व्रण आणि पुढे तीव्र हगवण ही गुरांच्या ज्या साथीची लक्षणे, तिला भारतीय भाषांनी वेगवेगळ्या अंगांनी ओळखले. मराठीतील ‘बुळकांडी’ आणि हिंदीतील ‘पोंकनी’ ही नावे हगवणीवरून पडली. बंगालीतील ‘गोबसंत’ने मात्र तिचे नाते माणसाला येणाऱ्या देवीशी, पर्यायाने शीतलेशी जोडले. हॅलन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या १८७१च्या अहवालाने ही साथ ‘रिंडरपेस्ट’ या युरोपीय संज्ञेखाली आणली. रोगनिवारणास असे एकच नाव आवश्यक होते. २०११मध्ये हा रोग जगातून नष्ट झाल्याचे घोषित झाले. वाङ्मयाभ्यासकाची अडचण निराळी आहे. ‘गोबसंत’चे ‘बुळकांडी’ असे भाषांतर रोग अचूक सांगते. परंतु त्यातून देवी गळून पडते, आणि तिच्यासोबत त्या समाजाची भीती व श्रद्धाही.