डिझेल गाडीचा पांढरा धूर, काळा धूर : हीटर प्लग आणि ईजीआर व्हॉल्व्हचं दुखणं कसं ओळखाल?

वाशिम जिल्ह्यातल्या धनजसारख्या गावात कापूस, सोयाबीन बाजारात न्यायचं तर डिझेल पिकअपच कामी येते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तीच गाडी सुरू झाली नाही तर दिवस वाया जातो. अशा वेळी दोन भाग आधी तपासावेत.

हीटर प्लग (ग्लो प्लग)

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने डिझेल पेटतं. थंडीत ही उष्णता कमी पडते, ती हीटर प्लग भरून काढतो.

लक्षणं : सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो, उग्र वासाचा पांढरा धूर येतो, इंजिन थरथरतं, गरम झाल्यावर सगळं ठीक. स्टार्टरच हळू फिरत असेल तर आधी बॅटरी बघा.

तपासणी : वायर काढून मल्टीमीटरने प्लगचा रोध मोजा. चांगल्या प्लगचा रोध अगदी कमी, साधारण एक-दोन ओहमच्या आसपास असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर प्लग जळाला. सगळे चांगले निघाले तर रिले आणि फ्यूज तपासा.

अडकलेला प्लग जोर लावून काढू नका. तो तुटला तर हेड उतरवावं लागू शकतं. हीटर प्लगच्या इंजिनात ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारणंही धोक्याचं. भडका उडून इंजिन फुटू शकतं.

ईजीआर व्हॉल्व्ह

हा व्हॉल्व्ह थोडा धूर परत इंजिनात सोडतो. त्यामुळे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. काजळी आणि तेलाची वाफ मिळून त्यावर कार्बन चढतो. गावातल्या गावात, कमी वेगाने चालणाऱ्या गाडीत तो लवकर साठतो.

लक्षणं : काळा धूर, पिकअप कमी, आयडलिंगला झटके, चेक इंजिनचा दिवा. स्कॅनरवर पी०४०१ म्हणजे प्रवाह कमी, पी०४०२ म्हणजे जास्त.

उपाय : व्हॉल्व्ह काढून क्लीनरने साफ करा, पण मोटरचा भाग भिजवू नका. बसवताना गॅस्केट नवं टाका. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल आणि कूलंट घटत असेल, तर ईजीआर कूलर किंवा हेड गॅस्केट गळत असण्याची शक्यता आहे. अशी गाडी चालवू नका.

"ईजीआर बंदच करून टाकू"

हा सल्ला गॅरेजवर सर्रास मिळतो. पत्री लावून व्हॉल्व्ह बंद केल्यावर काही दिवस गाडी बरी वाटते. पण १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांमध्ये कॉम्प्युटर हे पकडतो आणि इंजिनची ताकद घटवू शकतो. शिवाय प्रदूषणाचे निकष मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

थोडक्यात : फक्त सकाळी त्रास असेल तर हीटर प्लग, दिवसभर असेल तर ईजीआर आधी बघा. भाग बदलण्याआधी स्कॅन करून घ्या.