दाली ग्लासगोकरांचा

ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह कलासंग्रहालयात शिरायला तिकीट लागत नाही. तांबड्या वालुकाश्माची ही देखणी वास्तू १९०१ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या वेळी खुली झाली. बांधकामाला हातभार लागला तो १८८८ च्या प्रदर्शनातून उरलेल्या नफ्याचा.

शहराच्या पैशानं चित्रं घ्यायची म्हणजे वादही आलाच. १९५२ मध्ये संचालक टॉम हनीमन यांनी साल्व्हादोर दालीचं ‘ख्राइस्ट ऑफ सेंट जॉन ऑफ द क्रॉस’ ८,२०० पौंडांना घेतलं. एवढा पैसा स्थानिक चित्रकारांसाठी का नाही, असं म्हणत कलाशाळेचे विद्यार्थी अर्ज घेऊन पुढे आले. त्यांचं म्हणणं गैरवाजवी नव्हतं. पण हनीमन यांनी चित्रासोबत त्याचे प्रताधिकारही मिळवले होते, आणि हा सौदा दूरदृष्टीचा ठरला.

चित्रातला क्रूस काळ्याशार अवकाशात तरंगतो, आणि आपण तो वरून पाहतो. ख्रिस्ताचा चेहरा दिसतच नाही. दिसतात ताणलेले खांदे आणि मान. खिळे नाहीत, काट्यांचा मुकुट नाही, रक्ताचा थेंब नाही. खाली शांत पाणी, होडी आणि कोळी.

१९६१ मध्ये एका माणसानं दगडानं हे चित्र फाडलं. संग्रहालयाच्याच कारागिरांनी ते इतकं निगुतीनं सांधलं, की फाटल्याची खूण शोधावी लागते.

ग्लासगोला जाणं झालंच, तर दुपारी जा. मधल्या भव्य दालनातला जुना ऑर्गन तेव्हा वाजतो, आणि तोही फुकट ऐकायला मिळतो.